एकोणीस नंबरवरची अक्षरं

माझ्याच दुकानात माझ्याच अक्षरांना त्या कंप्युटरनं एकोणीस नंबर दिला. एकोणीस म्हणजे सगळ्यांत शेवटचा. त्याच्या मागं नंबरच नाही. ही गोष्ट मी ओळखीच्या लोकांना सांगितली तर ते हसले. म्हणाले, कंप्युटर तो, त्याला काय कळतंय, तो काय माणूस आहे का? नसेल. पण नंबर देणारं माणूसच होतं की. आणि कंप्युटर बनवताना कुणाला पुढं घ्यायचं, कुणाला मागं ढकलायचं याचे कायदे ज्यांनी करून ठेवले, तीपण माणसंच. म्हणून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. गेला असता तर लिहायला बसलोच नसतो.

मी हुबळीचा. बोर्ड रंगवणारा. नुसतं पेंटर म्हटलं की लोकांना वाटतं घराच्या भिंतींना चुना लावणारा, म्हणून सांगून ठेवतो, मी अक्षरं काढणारा. शाळा तिसरीपर्यंत, तीपण कन्नड. मराठी घरातली. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण इंग्रजी अक्षर असं काढायचो की वाचता येणाऱ्यांनी सायकल थांबवून बघावं. कापडाची दुकानं, डॉक्टरांचे दवाखाने, सोडावॉटरचे कारखाने, या गावात मी काढलेलं अक्षर एके काळी कुठंही मान वर केली की दिसायचं. आता दिसत नाही. आता फ्लेक्स दिसतं.

फ्लेक्सचं यंत्र आमच्याच दुकानात आहे, माझ्या मुलानं आणलेलं. एका कोपऱ्यात कंप्युटर, मधे ते लांबलचक यंत्र, त्यातून ओल्या शाईच्या वासाचं कापड सरकत बाहेर येतं. कंप्युटरवर बसते माझी सून. धारवाडला कंप्युटर शिकलेली मुलगी, कामाला चोख. मी बसतो मागच्या बाजूला, जिथं पूर्वी रंगाचे डबे होते तिथं. माझा हात थरथरतो. कुंचला धरला की रेघ नागासारखी चालते. म्हणून मी कुंचला खाली ठेवला. कुणी ठेवायला लावला नाही, मीच ठेवला. वाकडं अक्षर काढून पोट भरणाऱ्यांतला मी नव्हे.

तर कलघटगीची अक्का आली.

अक्काची खानावळ आहे कारवारच्या रस्त्यावर. तिचा बोर्ड मी काढलेला, तिच्या नवऱ्याच्या वेळचा. वर कन्नड, खाली मराठी. रस्ता रुंद झाला, खानावळ पाडली, तिनं पलीकडच्या बाजूला नवी जागा घेतली. जुना बोर्ड उतरवताना गंजलेल्या पत्र्याचे दोन तुकडे झाले.

"पेंटरअण्णा, मला तीच अक्षरं पाहिजेत," ती म्हणाली.

"अक्का, हा हात बघा." मी हात पुढं केला. तो आपला हलतच होता.

"मग हातानं नका काढू. पण तीच काढा."

मी हात मागं घेतला.

ती म्हणाली, "लॉरीचे ड्रायव्हर लांबून ती पाटी बघून गाडी हळू करतात. त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही. त्यांना अक्षर माहीत आहे, काय लिहिलंय ते नाही. दुसरी अक्षरं लावली तर ते तसेच यल्लापूर गाठतील की. मग मी कुणाला वाढू?"

माझ्या मुलानं पलीकडून ऐकलं. "अक्का, कंप्युटरमध्ये ढीगभर तऱ्हेची अक्षरं आहेत. त्यातलं जवळचं बघून लावून देतो. ओळखू पण येणार नाही."

"ड्रायव्हरला येईल," अक्का म्हणाली.

मला ती बाई तिथल्या तिथं आवडून गेली. मी शब्द देऊन टाकला. पुढच्या गुरुवारी सकाळी नव्या जागेची पूजा होती. पूजेच्या आधी बोर्ड चढलेला असेल आणि अक्षरं माझीच असतील, असं मी सांगितलं. मुलगा माझ्याकडं बघत राहिला. बघू दे. मी दिलेला शब्द आजवर एकदाही मागं घेतलेला नाही.

अक्षरं माझ्याकडं होती, ती अशी. मोठं अक्षर आम्ही आधी कागदावर काढायचो. मग त्याच्या कडेकडेनं सुईनं भोकं पाडायची. तो कागद पत्र्यावर धरायचा आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची. कागद काढला की पत्र्यावर ठिपक्यांचं अक्षर, त्यावरून कुंचला फिरवायचा. त्या भोकांच्या कागदाला आम्ही खाका म्हणतो. माझे सगळे खाके मी पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. अक्काच्या खानावळीचे पण त्यात होते, कोळशानं काळे झालेले, घडीवर फाटलेले.

सुनेनं ते हातात घेऊन उजेडात धरले. म्हणाली, "मामा, हे आपण आत घेऊ. ठिपके जोडून कंप्युटर तुमचीच रेघ काढेल. डाग, घड्या सगळं काढून टाकेल. कितीही मोठं करा, कड फाटणार नाही."

"माझीच रेघ?"

"तुमचीच. त्याची स्वतःची कुठली असायला?"

हे बोलणं मला पटलं. तिनं एकेक खाका काचेवर ठेवून आत घेतला आणि काम लावून दिलं. म्हणाली, वेळ लागेल, कंप्युटर जुना आहे, पण गुरुवारच्या आत होईल. हे सोमवारचं.

मंगळवारी मी कंप्युटरजवळ स्टूल ओढून बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात माझं काम दिसत होतं. ठिपके आणि त्यातून हळूच पुढं सरकणारी रेघ. मी बघत बसलो. चहा आला, चहा झाला. 'ख'चं पोट जिथं होतं तिथंच.

"झोपलंय काय ते?"

"चाललंय मामा. हळूहळू."

"हळूहळू म्हणजे किती? माझी आजी याच्यापेक्षा भरभर चालायची."

तिनं मग एक काळा पडदा उघडून दाखवला. त्यावर ओळीच्या ओळी, सगळ्या इंग्रजी. म्हणाली, आत्ता कंप्युटरच्या आत जी जी कामं चालू आहेत, ती ही. हे लग्नाचं फ्लेक्स. हे दुकानाच्या सेलचं. हे पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर. आणि ही खाली तुमची अक्षरं. एका रकान्यावर तिनं बोट ठेवलं. सगळ्यांसमोर शून्य, शून्य, शून्य. माझ्यासमोर एकोणीस.

मी खूष झालो. खोटं कशाला सांगू? शून्यापेक्षा एकोणीस मोठा, एवढं तिसरीत शिकवलं होतं.

"उलटं असतंय मामा," ती म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, तेव्हाच मला वास आला. "नंबर जितका मोठा, तितकं काम मागं. सगळ्यांत पुढचं ते उणे वीस, सगळ्यांत मागचं एकोणीस. एकोणीसवाला बाकीच्यांना म्हणतो, तुम्ही आधी जेवून घ्या, उरलं तर मला वाढा."

"माझ्या अक्षरांना असं म्हणायला सांगितलं कुणी?"

"कंप्युटरला तसं सांगायच्या आज्ञेचं नाव नाइस. म्हणजे भला माणूस. दुसऱ्याला वाट देणारा, सालस."

सालस! आयुष्यभरात मला कुणी सालस म्हटलेलं नाही. माझ्या आईनं नाही, बायकोनं तर नाहीच. आणि हे यंत्र मला न विचारता सालस करून पंक्तीच्या शेवटी बसवतंय!

"कुणी टाकलं एकोणीसवर?"

"मीच, मामा." मग हळूच, "यांनी सांगितलं होतं. दुकानातली कामं अडायला नकोत म्हणून."

हे म्हणजे माझा मुलगा. म्हणजे माझी अक्षरं ही दुकानातली कामं नव्हेत. ज्या अक्षरांवर दुकान उभं राहिलं, ती कामं नव्हेत, आणि पुढाऱ्याचा वाढदिवस हे काम. त्या बॅनरवर मधे पुढाऱ्याचं भलंमोठं तोंड आणि भोवती त्याच्या माणसांची पोस्टाच्या तिकिटाएवढी तोंडं, प्रत्येकानं आपापल्या फोनवरून पाठवलेली. अर्धी तोंडं धुरकट, कुणाचा एक कान कापलेला. ते शून्यावर. मी एकोणीसवर.

"वर काढ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता शून्यावर आण. चालू कामाचा नंबर बदलता येत नाही काय?"

"येतो की. त्याची वेगळी आज्ञा आहे. पण मामा, मला फक्त मागं ढकलता येतंय. पुढं आणता येत नाही."

"म्हणजे?"

"आपलं काम मागं ढकलायला कुणाची परवानगी लागत नाही. पण एकदा मागं गेलं की पुन्हा वर काढायला मालकाचा पासवर्ड लागतो."

"तूच ढकललंस ना?"

"मीच ढकललं तरी."

हा कायदा ऐकून मी स्टुलावरून उठलो. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो. हा कुठला न्याय? जो आपणहून मागं सरतो, त्याला मागं सरताना कुणी अडवत नाही, हात धरून 'बसा की' म्हणत नाही. आणि तोच उद्या 'माझी जागा द्या' म्हणाला, तर त्याला अर्ज करायचा! माझंच बघा. दाराजवळची खुर्ची मी आपणहून सोडली, मुलाला गिऱ्हाईक दिसावं म्हणून. गल्ल्याची किल्ली आपणहून दिली. रंगाचे डबे आपणहून उचलले, यंत्राला जागा व्हावी म्हणून. प्रत्येक वेळी घरात सगळे म्हणाले, अप्पा फार समजूतदार. कुणाला काही विचारावं लागलं नाही, कुठला पासवर्ड लागला नाही. आता त्या खुर्चीवर जाऊन बसलो तर मुलगा म्हणतो, "अप्पा, जरा उठता काय, पार्टी आली आहे." कंप्युटर बनवणारे परदेशातले, त्यांना हुबळी माहीत नाही, मग आमच्या घरातला कायदा त्यांना कळला कसा, हेच मला समजत नाही.

सून म्हणाली, "यांना विचारू काय पासवर्ड?"

"नको."

"तुम्ही विचारता?"

"मी?" मी म्हटलं. "त्याच्या हातात पहिला कुंचला मी दिला. मी त्याच्याकडं जाऊन 'माझ्या अक्षरांना पुढं घे रे बाबा' म्हणू?"

तिनं दुसरा रस्ता सांगितला. चालू काम मारून टाकायचं आणि नव्यानं सुरू करायचं. नवीन काम आपोआप शून्यावर सुरू होतं. पण झालेलं सगळं जातं. सोमवारपासून जोडलेले ठिपके सगळे पुन्हा. मग गुरुवार हुकणार यात शंकाच नाही. म्हणजे एक तर मुलासमोर हात पसरायचा, नाही तर केलेलं सगळं पुसून नवख्यासारखं रांगेत उभं राहायचं. वा रे वा!

तोवर लग्नाचं आणि सेलचं काम संपलं होतं. राहिलं ते बॅनर आणि मी. मी विचारलं, "त्या बॅनरचं काम कुणी लावलं?"

"मीच."

"मग तुझंच आहे ते. त्याला मागं ढकलायला तरी पासवर्ड लागत नाही ना?"

तिला कळलं. तिनं डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. "मामा, यांना विचारून..."

"मी अजून जिवंत आहे ना?"

"असं काय बोलता हो!"

"मग ढकल."

तिनं ढकललं. पुढाऱ्याच्या तोंडासमोर एकोणीस आलं आणि माझ्या अक्षरांच्या शेजारी येऊन बसलं. मला वर जाता येत नव्हतं, ठीक आहे, मी त्याला खाली आणलं. दोघं एका पाटावर. बघता बघता 'ख'चं पोट पुरं झालं. मी त्या दिवशी घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

बुधवारी सकाळी पुढाऱ्याची माणसं मोटरसायकलवरून आली. नवनगरच्या चौकात बॅनर लावायचं होतं, माणसं खांबाजवळ शिडी घेऊन उभी आहेत म्हणे. यंत्रातून बॅनर निघत होतं, पण वीत वीत. नुसता फेटा बाहेर आला होता.

"एन्री अण्णा, एल्ली नम्म बॅनर?" कुठं आहे आमचं बॅनर, म्हणून एकजण दारातूनच ओरडला. मग मला म्हणाला, "अज्जा, सरका की बाजूला."

"हे दुकान माझं आहे," मी म्हटलं.

"हो का? मग बॅनर कुठं आहे ते तुम्हीच सांगा की अज्जा!"

बाकीचे हसले. त्यांतल्या एकाच्या गळ्यात बोटभर जाडीची साखळी होती, आणि तो सुद्धा हसला. अज्जा म्हणजे आजोबा. माझं आणि त्याचं कुठल्या जन्माचं नातं होतं की मी त्याचा अज्जा झालो?

मुलगा धावत आला, पडद्यावर बघितलं. "याला एकोणीसवर कुणी घातलं?"

सून म्हणाली, "मी."

"मी सांगितलं म्हणून," मी म्हटलं. "तिला बोलू नकोस."

"अप्पा, गिऱ्हाईक दारात उभं आहे!"

"माझं गिऱ्हाईक कलघटगीत उभं आहे. ते तुला दिसत नाही एवढंच."

"अप्पा, ही माणसं दर आठवड्याला येतात. ती अक्का जन्मात दोनदा आली."

"दोनदाच आली, कारण पहिल्यांदा काढलेलं टिकलं."

साखळीवाला म्हणाला, "भांडण घरी करा हो, आम्हाला बॅनर द्या."

मुलाचं तोंड लाल झालं. चारचौघांत बापानं असं बोललेलं कुणाला आवडत नाही, हे मला माहीत आहे. मलाही चारचौघांत अज्जा म्हणवून घ्यायला आवडलं नव्हतं. तो सुनेला उठवून स्वतः बसला आणि पासवर्ड मारला. मारताना त्यानं पाठ माझ्याकडं केली. मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्याला ठाऊक आहे, तरी पाठ केली. बाकी सगळं मी विसरेन, ती पाठ विसरणार नाही.

"उणे वीस," तो म्हणाला. "आता बघू कसं निघत नाही ते."

सून घाईनं म्हणाली, "इतकं नको हो, छपाईला पण थोडं..."

तो ऐकायला थांबला नाही.

पडद्यावरचा बाण जिथं होता तिथंच चिकटला. यंत्राचं शाई सोडणारं डोकं कापडावरून अर्धं गेलं, थांबलं, पुन्हा गेलं, पुन्हा थांबलं, असं करत नाकापर्यंत आलं. आणि मग पुढाऱ्याच्या नाकाखाली एक पांढरा पट्टा सोडून एकदम खाली ओठांवर जाऊन बसलं. तिथं शाईचा चिखल. यंत्र गप्प.

"मिशी कुठं आहे?" साखळीवाला वाकून बघत म्हणाला. "साहेबांची मिशी कुठं आहे?"

कुणी हसलं नाही. मी हसलो.

मुलानं दोन-चार बटणं दाबून बघितली. कंप्युटर हूं की चूं करेना. तेव्हा तो भिंतीवरच्या मेन स्विचकडं गेला. सून ओरडली, "थांबा! बंद केलंत तर मामांचं सगळं जाईल. मधलं काहीच ठेवलेलं नाही अजून."

त्याचा हात स्विचवर होता. मी उठून उभा राहिलो. मला धावता येत नाही आणि धावलो असतो तरी पोचलो नसतो. मी नुसता म्हणालो, "दाब."

मला राग आला की मी असंच उलटं बोलतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो माझ्याकडं बघत राहिला. मागं ती माणसं ओरडत होती, बंद करा, चालू करा, काही तरी करा. अक्काचा बोर्ड, मी दिलेला शब्द, पेटीतले काळे कागद, सगळं त्याच्या त्या एका बोटाखाली होतं.

त्यानं हात काढून घेतला.

"होईल तेव्हा होईल," तो त्या माणसांना म्हणाला. "थांबता येत असेल तर थांबा."

ती माणसं थांबणाऱ्यांतली नव्हती. नवनगरातच दुसरं दुकान आहे, तिथं करून घेतो, तुमच्या दुकानात अज्जाचंच राज्य चालू दे, असं बरंच काही कन्नडमधून आणि मराठीतून बोलून ती गेली. परत कधी येणार नाहीत असंही सांगून गेली.

मग बऱ्याच वेळानं कंप्युटरनं डोळे उघडले आणि सुनेनं त्या बॅनरचं काम बंद केलं. मुलानं विचारलं, असं का झालं? ती म्हणाली, "चित्र तयार करणारं काम वेगळं आणि ते तयार होईल तसं यंत्राला नेऊन देणारं काम वेगळं. शिजवणाऱ्याला तुम्ही सगळं घर देऊन टाकलंत. वाढणाऱ्याला उभं राहायला जागाच उरली नाही. मग पानात काय पडणार?" तिनं हे शांतपणे सांगितलं. मी असतो तर शांतपणे सांगितलं नसतं.

तो पायरीवर जाऊन बसला. दुकानात दुसरं काम नव्हतं. दुपार झाली. रस्त्यावरचं ऊन आत येऊन यंत्रावर पडलं. फुकट गेलेल्या बॅनरवर पुढाऱ्याचं बिनमिशीचं तोंड छताकडं बघत पडलं होतं. मला त्या माणसांबद्दल काडीचं वाईट वाटलं नाही. मुलाचं गिऱ्हाईक गेलं, याचं वाटलं काय? वाटलं असेल. पण त्याच वेळी असंही वाटलं, की कुणाचा तरी वाढदिवस या गावात रोज असतो आणि रोज माझ्या अक्षरांनी मागं सरावं काय?

"मामा, इकडं या," सून म्हणाली. "बघा तरी."

बघतो तर रेघ पळत होती. एका अक्षरातून दुसऱ्यात, मराठीतून कन्नडमध्ये. माझा हात चांगला होता तेव्हा सुद्धा इतका पळाला नसेल.

"वर काढलंस काय?"

"नाही. अजून एकोणीसच."

"मग पळतंय कसं?"

"दुसरं कुणी मागणारंच नाही आता. रांगेत एकटाच असला तर शेवटच्याला पण सगळं मिळतंय."

हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. घर रिकामं झाल्यावर मिळालेला मान म्हणजे काय मान?

मुलगा पायरीवरून उठून आत आला. माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघत म्हणाला, "अप्पा, शून्यावर आणून देऊ काय?"

"आता?" मी म्हटलं. "आता कशाला? एकोणीसवर बसवलंस, एकोणीसवरच पुरं होऊ दे. उद्या कुणी म्हणायला नको, म्हाताऱ्याला वर ओढून घेतलं म्हणून झालं."

"तुमचं पण काय, अप्पा!"

"माझं हे असंच आहे."

दिवेलागणीच्या आधी अक्षरं पुरी झाली. सुनेनं मोठी करून दाखवली. मी जवळ जाऊन एकेक कड बघितली. मला चुका काढायच्या होत्या, हे मी लपवत नाही. एक सापडली. 'ळ'च्या शेवटाला मी नेहमी कुंचला किंचित वर उचलायचो, ती उचल यंत्रानं कागदाचा डाग समजून छाटली होती. मी सांगितलं. सुनेनं खाका पुन्हा उजेडात धरला, ठिपके बघितले आणि हातानं ती परत काढली. तेवढं होईपर्यंत मुलगा पत्र्याची चौकट बनवत होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. खिळे मात्र त्यानं लांब लांब मारले होते, ते मी काढून परत मारायला लावले. रात्री अक्षरं कापडावर छापून आम्ही ते चौकटीवर ताणलं.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघंही कलघटगीला गेलो. पूजा सुरू व्हायची होती, भटजी यायचे होते. मुलगा शिडीवर चढला, मी खालून सांगत होतो, डावी बाजू खाली गेली, अजून जरा वर, बस. अक्का चुलीजवळून हात पुसत बाहेर आली. रस्त्याच्या पलीकडं जाऊन, ड्रायव्हर येतात त्या बाजूला उभी राहून तिनं बघितलं.

"तीच की," ती म्हणाली, आणि आत काही तरी करपत होतं म्हणून धावली.

एवढंच. मला वाटलं होतं, अजून काही तरी बोलेल. पण मग विचार केला, यापेक्षा जास्त ती बोलली असती तर मला शंका आली असती. जेवताना तिनं विचारलं, हाताशिवाय काढलंत कसं? मुलगा म्हणाला, "अप्पांनीच काढलं." मी त्याला तिथंच थांबवलं. खाका माझा, रेघ हिनं काढली, असं मी सुनेकडं बोट दाखवून सांगितलं. जे जसं आहे तसं सांगावं. मला कुणाचा पासवर्ड नको आणि कुणाची मेहेरबानी पण नको.

परत येताना गाडीत मुलगा म्हणाला, "पेटीतले सगळे खाके आत घेऊ या, अप्पा. हळूहळू होतील."

'हळूहळू' ऐकलं आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. "नंबर कितीवर ठेवणार?"

"तुम्ही सांगा. म्हणाल तर उणेमध्ये टाकतो."

"उणे नको. काल बघितलं उणे काय करतं ते. शून्य. तुझ्या गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या फ्लेक्सना जो नंबर, पुढाऱ्याच्या तोंडाला जो, तोच मला."

"बघू," तो म्हणाला.

बघू! बघू म्हणजे काय? आता मी रोज सकाळी दुकानात गेलो की सुनेला आधी तो काळा पडदा उघडायला लावतो, माझी ओळ शोधतो आणि त्या रकान्यावर बोट ठेवून बघतो. इंग्रजी येत नसेल मला. आकडे येतात.